सरांविरुद्धची तक्रार

मी आयुष्यात एकाच माणसाचं ठरवून वाईट केलं. नकळत आणखी कोणाचं झालं असेल तर ते मला माहीत नाही. हा माणूस हैतीचा होता, चित्रकार होता आणि दोन वर्षं दर शनिवारी सकाळी मला चित्रकला शिकवत होता.

मी मूळची नागपूरची. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ह्या ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षांत मला ए ग्रेड होती. पुढे इंजिनिअरिंगला गेले. कोणी अडवलं म्हणून नाही. बाबा तर म्हणाले होते, तुला हवं असेल तर चित्रकलेला जा. मलाच भीती वाटली. पण इतकी वर्षं लोकांना सांगताना मी 'घरच्यांनी जाऊ दिलं नाही' असंच सांगत आले, कारण ते ऐकायला बरं वाटतं. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटात येऊन सोळा वर्षं झाली. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि वाचणाऱ्याला दुर्लक्ष करता येणार नाही अशा शब्दांत त्या लिहून काढायच्या, हे माझं काम. त्यात मी चांगली आहे.

मुलगी हायस्कूलला गेली, शनिवार मोकळे झाले, तेव्हा नवरा म्हणाला, "तू ते पेंटिंगचं करणार होतीस ना, कर आता." घरापासून दहा मिनिटांवर एक कलाकेंद्र होतं. तिथे नाव घातलं.

वर्गात आम्ही नऊजण होतो, बहुतेक रिटायर्ड अमेरिकन. सर आत आले. साठीचे, उंच, काळेशार, कडक इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. त्यांच्या उजव्या हाताची बोटं सरळ होत नव्हती. हात अर्धवट मिटलेला असायचा आणि ब्रश हातातून सुटू नये म्हणून ते तळव्याभोवती भाजीच्या जुडीला असतं तसं जाड रबरबँड गुंडाळायचे. त्यांनी कोपऱ्यातली एक लोखंडी घडीची खुर्ची उचलली, वर्गाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाले, "हिचं चित्र काढा."

आठ आठवडे आम्ही ती खुर्ची काढली.

माझी खुर्ची पाहून ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही खुर्ची काढलेली नाही. तुम्ही खुर्चीचा फॉर्म भरला आहे. नाव, पत्ता, पाय चार."

सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन पुन्हा खुर्ची काढत बसले.

त्यांचं बोलणं असंच असायचं. आवाज चढायचा नाही. इंग्रजी सावकाश, फ्रेंच वळणाचं, आणि प्रत्येक शब्द नीट निवडलेला. वर्गात एक सत्तरीच्या बाई होत्या. त्यांचा नवरा आदल्या वर्षी गेला होता. त्यांनी फोटोवरून त्याचं चित्र काढून आणलं. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा पासपोर्टचा फोटो आहे. चाळीस वर्षं ह्या माणसाबरोबर राहूनही त्याच्याकडे तुम्ही बघितलेलं नाही असं दिसतं." बाईंनी सामान आवरलं आणि रडत निघून गेल्या. बाकीचे खाली मान घालून बसले. मला मात्र आत कुठेतरी गंमत वाटली, हे कबूल करायला हवं. त्या बाईंचं चित्र खरंच वाईट होतं, आणि माझी खुर्ची त्या आठवड्यात पहिल्यांदा जमिनीवर टेकली होती. "आता हिच्यावर मांजर बसू शकेल," सर म्हणाले होते. दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढीच स्तुती निघाली आणि ती मला मिळाली होती.

त्यांच्याकडे गाडी नव्हती. तीन बस बदलून यायचे. एका शनिवारी फार पाऊस होता म्हणून मी त्यांना घरी सोडलं आणि मग दर शनिवारी सोडायला लागले. चाळीस मिनिटांचा रस्ता. त्या गाडीत, समोरच्या काचेकडे बघत, त्यांनी मला आपलं आयुष्य सांगितलं. सलग नाही. एखाद्या शनिवारी दोन वाक्यं, एखाद्या शनिवारी बरंच.

त्यांचा जन्म जॅकमेल नावाच्या समुद्रकाठच्या गावातला. आई कोळसा विकायची. कार्निव्हलचे कागदी मुखवटे करणाऱ्या एका कारागिराकडे ते लहानपणी रंग भरायला शिकले. मुखवटा बिघडला की तो कारागीर तोच ओला लगदा शिकणाऱ्याच्या तोंडावर थापायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू द्यायचा नाही. काढताना भुवयांचे केस निघून यायचे.

"ते शिकवणं होतं," सर म्हणाले. "मी तुम्हाला नुसतं बोलतो."

पुढे ते राजधानीत गेले. तिथे आधी प्रवासी गाड्या रंगवल्या, मग टुरिस्टांसाठी कॅनव्हास. एक अमेरिकन दलाल आला, त्याला चित्रं आवडली, कागदपत्रं करून तो त्यांना मायामीला घेऊन आला. बायको आणि मुलगी मागे राहिल्या. वर्षभरात बोलावून घ्यायचं ठरलं होतं. दलालाच्या दुकानामागे पत्र्याची शेड होती. त्यात चार हैतीचे चित्रकार ओळीत बसून काढायचे. बाजार, आंबे, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. कोणी दुसरं काही काढलं तर दलाल म्हणायचा, छान आहे, पण हे हैती वाटत नाही.

"बारा वर्षं मी बाजार काढला," सर म्हणाले. "त्या बाजारात मला एकही गोष्ट विकत घ्यावीशी वाटली नाही."

प्रदर्शनं व्हायची. माहितीपत्रकात छापलेलं असायचं की हा चित्रकार निरक्षर आहे आणि स्वप्नात दिसतं ते काढतो. सर शाळेत फ्रेंचमध्ये पहिले यायचे. उद्घाटनाला त्यांनी गवताची हॅट घालून यायचं आणि बोलायचं नाही, असा नियम होता. एकदा एका बाईने विचारलं, ह्यांना इंग्रजी येतं का? दलाल म्हणाला, नाही, पण ते डोळ्यांनी बोलतात.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"डोळ्यांनी बोललो. तिने दोन चित्रं घेतली."

मग हैतीत भूकंप झाला. बायको आणि मुलगी दुपारी घरात होत्या. वरच्या मजल्याची स्लॅब खाली आली. मुलगी चौदा वर्षांची होती. विमानतळ बंद होता, आणि उघडला तेव्हा ह्यांची कागदपत्रं अशी होती की गेले असते तर पुन्हा अमेरिकेत पाय ठेवता आला नसता. तरी ते जायला निघाले होते. शेजाऱ्याने फोनवर सांगितलं, येऊन काय करणार, सगळ्यांना एकत्र पुरलं, कुठे ते आम्हालाही माहीत नाही.

त्या महिन्यात त्यांनी एक चित्र काढलं. नुसती स्लॅब. माणूस नाही, रक्त नाही, आकाश नाही. अकरा प्रकारचे करडे रंग, सगळे स्वतः मिसळून केलेले. भूकंपामुळे हैतीच्या चित्रांना एकदम मागणी आली होती. दलालाने ते चित्र पाहिलं आणि म्हणाला, लोकांना आत्ता आशा हवी आहे. त्याने ते शेडमधल्या दुसऱ्या चित्रकाराला दिलं. त्याने त्यावर एक आंब्याचं झाड आणि नऊ पक्षी काढले. चित्र विकलं गेलं. सरांना ते पुढे एका पोस्टकार्डावर दिसलं.

"तो दुसरा चित्रकार तुमच्या ओळखीचा होता?"

"माझा मित्र होता. त्याला मुलं होती."

"त्याला काही बोलला नाहीत?"

सर म्हणाले, "पक्षी चांगले काढले होते त्याने."

त्यानंतर त्यांनी मायामी सोडलं आणि जॉर्जियात कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला लागले. थंडगार हॉलमध्ये पट्ट्यावरून कोंबड्या यायच्या आणि प्रत्येकीवर तोच एक काप द्यायचा, दिवसभर. सहा वर्षांत उजव्या हाताची बोटं आत वळली ती वळलीच. कारखान्याच्या डॉक्टरने हात बघून विचारलं, तुम्ही आधी काय करत होतात? सर म्हणाले, चित्रकार होतो. डॉक्टर म्हणाला, मग त्यानेच झालं असेल.

हे सगळं ऐकताना मला वाटायचं की आमची मैत्री झाली आहे. म्हणून एकदा मीही माझं सांगितलं. माझी आई नागपूरला अचानक गेली, तेव्हा माझं व्हिसाचं रिन्यूअल अडकलेलं होतं. वकील म्हणाला, आत्ता देश सोडलात तर परत यायला चार-सहा महिनेही लागतील, नोकरी टिकेल ह्याची खात्री नाही. नवरा म्हणाला, तू जा, बघू पुढचं पुढे. मी नाही गेले. भावाने व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. हे मी आजवर अनेकांना सांगितलं आहे आणि ऐकून सगळ्यांचे डोळे ओले होतात. सांगून झाल्यावर मी सरांकडे बघितलं.

ते म्हणाले, "पण तुम्हाला जाता येत होतं."

मी रेडिओ लावला.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी केंद्राने विद्यार्थ्यांचं प्रदर्शन ठेवलं. प्रत्येकाने एक चित्र द्यायचं होतं. मी तीन महिने घरी आईचं चित्र करत होते आणि ते सरांना मुद्दामच दाखवलं नव्हतं. आई गच्चीच्या दाराशी बसली आहे, मांडीवर निवडायची मेथी आहे आणि ती मान वर करून बघणाऱ्याकडे हसते आहे. मेथीच्या हिरव्यावर मी दोन आठवडे घालवले. मला खात्री होती की ह्या वेळी मांजराच्या पलीकडचं काहीतरी ऐकायला मिळेल.

प्रदर्शनाला आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधले सगळे आले होते. पुण्याच्या एक काकू आहेत, सगळ्यांच्या कार्यक्रमाला येतात. त्या चित्रासमोर उभं राहून म्हणाल्या, "अगं, अगदी माझीच आई बसली आहे असं वाटतंय." मैत्रिणींनी फोटो काढले. नवऱ्याने मला चित्राशेजारी उभं केलं. तेवढ्यात सर आले. काकूंनी विचारलं, "तुम्ही हिचे टीचर ना? सांगा ना, कसं वाटलं?"

सर बघत राहिले. एक मिनिट तरी झालं असेल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेथी उत्तम आहे."

"आणि आई?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ह्या बाईने तुम्हाला माफ केलेलं आहे," सर म्हणाले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

काकूंना अर्थ लागला नाही. मैत्रिणींना लागला, कारण आईची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. एकजण हसली, ती घाबरून हसली होती हे मला कळतं, पण हसली. नवरा म्हणाला, "चला, तिकडे चहा आहे." सर पुढच्या चित्राकडे गेले. त्यांना वाटलं असेल की शिकवून झालं.

गाडीत मुलगी मागे बसली होती. ती म्हणाली, "ही वॉज मीन." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बट ही वॉज नॉट राँग, मॉम." नवरा तिला ओरडला. मी खिडकीबाहेर बघत होते आणि डोक्यात मजकूर तयार करत होते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसले आणि केंद्राच्या डिरेक्टरबाईंना ईमेल लिहिला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ते टेबलावर हात आपटतात, असं लिहिलं. एकदा आपटला होता, बोटं आखडली म्हणून. ब्रश कसा धरायचा हे दाखवताना न विचारता माझं मनगट धरतात, असं लिहिलं. सगळ्यांचंच धरायचे. एक वयस्कर विद्यार्थिनी रडत वर्ग सोडून गेली, ते लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की मला त्यांच्या वर्गात अनसेफ वाटतं.

हा शब्द मी विचार करून घातला. आधी 'अपमान' असं लिहिलं होतं, ते खोडलं. अपमान झाला म्हटलं असतं तर डिरेक्टरबाईंनी मला कॉफीला बोलावून समजूत घातली असती. पण उंच, काळ्या, परदेशी पुरुषाबद्दल एका बाईने अनसेफ लिहिलं की ह्या देशात काय होतं, हे सोळा वर्षांत मला पुरेपूर समजलं होतं. आमच्या रंगावरून ऑफिसात कोणी काही बोललं तर मी तावातावाने भांडत आले आहे. त्या दुपारी मला तो शब्द उपयोगी होता, म्हणून वापरला. दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि पाठवून दिला.

वीस मिनिटांत उत्तर आलं. डिरेक्टरबाईंनी माझ्या धाडसाबद्दल आभार मानले होते आणि नाव गुप्त राहील असं कळवलं होतं.

पुढच्या शनिवारी वर्गात दुसरीच एक तरुण शिक्षिका होती. तिने आम्हाला सूर्यास्त काढायला लावला. कोणीतरी विचारलं, सर कुठे आहेत, तर ती म्हणाली, तिला माहीत नाही. दोघांनी वर्ग सोडला. मी महिनाभर जात राहिले, कारण लगेच सोडला असता तर दिसलं असतं.

सरांना मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. बरेच महिने गेले. ह्या काळात बातम्यांमधून हैतीच्या लोकांबद्दल वाटेल ते बोललं जात होतं. ऑफिसच्या लंचटेबलावर आमच्यातलेच एकजण, नागपूरचे, माझ्या कॉलेजचे सीनियर, म्हणाले, "यार, हे लोक कुत्रीमांजरं खातात म्हणे." सगळे हसले. मी डबा खात राहिले.

मग एका संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज तसाच सावकाश.

"मॅडम, माझ्या लोकांना इथे राहायची जी तात्पुरती परवानगी होती, ती बंद होते आहे. एक वकीलबाई माझ्यासाठी अर्ज करते आहे. ती म्हणते, मी चित्रकार आणि शिक्षक म्हणून इथल्या लोकांच्या कामाचा आहे, अशी पत्रं हवीत. केंद्राने पत्र द्यायला नकार दिला. तुम्ही द्याल?"

मी हो म्हणाले. दुसरं काही म्हणता आलं नाही. ते पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. त्यात खुर्चीबद्दल लिहिलं, रंग मिसळण्याबद्दल लिहिलं, वळलेल्या बोटांनी दोन वर्षांत एकही शनिवार न चुकवल्याबद्दल लिहिलं. ह्यातलंही एकही वाक्य खोटं नव्हतं.

पत्र घेऊन मी त्यांच्या घरी गेले. पूर्वी इमारतीच्या दाराशी सोडायचे, आत कधी गेले नव्हते. एक खोली. पलंग, गॅस, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले वीस-बावीस कॅनव्हास. सगळे करडे. प्रत्येकावर तीच स्लॅब, दर वेळी वेगळ्या कोनातून, वेगळ्या उजेडात. खाली सही कुठेच नव्हती. मायामी सोडल्यापासून ते सही करत नव्हते. त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"चांगलं आहे. ह्याचा उपयोग होईल."

मी म्हणाले, "सर, ती तक्रार माझी होती."

ते सिंकपाशी जाऊन ब्रश धुवायला लागले. "मला माहीत आहे."

"केंद्राने नाव सांगितलं?"

"नाही. डिरेक्टरने तो एक शब्द वाचून दाखवला. वर्गातल्या बाकी कोणी लिहिलं असतं तर उद्धट लिहिलं असतं. आठजणांना मी फक्त उद्धट वाटत होतो. कुठला शब्द लागेल ह्याचा विचार करणारं माणूस त्या वर्गात एकच होतं."

"मग पत्र माझ्याकडेच का मागितलंत?"

"कारण तुमच्या पत्राने काम होतं, हे मी पाहिलं होतं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांनी ब्रश झटकला आणि उजेडात धरून केस नीट आहेत का ते बघितलं.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, ते आता करू नका. तुम्हाला बरं वाटेल, आणि मला त्यासाठी इथे थांबून ऐकावं लागेल." मग त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले की आईचं चित्र अजून असेल तर चेहरा खरवडून पुन्हा करा, मेथीला हात लावू नका.

पत्राने काम झालं नाही. दोन महिन्यांनी ते इमिग्रेशनच्या ऑफिसात नेहमीच्या हजेरीला गेले आणि त्यांना तिथेच ताब्यात घेतलं. वकीलबाईंचा मला फोन आला, कारण त्यांच्या कागदांत माझा नंबर होता. त्या म्हणाल्या, कलाकेंद्राचं पत्र असतं तर आपली बाजू बरीच मजबूत झाली असती, त्यांनी का नाही दिलं कुणास ठाऊक. मी म्हणाले, मलाही कल्पना नाही. हे मात्र पूर्ण खोटं होतं.

जॉर्जियाच्या दक्षिणेला एका डिटेन्शन सेंटरमध्ये त्यांना ठेवलं होतं. भेटायला जायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा काम निघालं. एकदा खरंच निघालं होतं. पुढे त्यांना विमानात बसवून हैतीच्या उत्तरेला कॅप हैशियनला पाठवून दिलं. त्या शहरात त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं.

खोलीच्या मालकाने सामान बाहेर काढलं. मला कळलं तोवर दोन दिवस होऊन गेले होते. मी आणि नवरा मोठी गाडी घेऊन गेलो. कॅनव्हास कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारी एकावर एक पडले होते, पाऊस झाला होता, बहुतेकांना पोपडे आले होते. एक कोणीतरी आडवा टाकून त्यावर जुना मायक्रोवेव्ह ठेवला होता. सात त्यातल्या त्यात बरे होते, ते आणले आणि गराजमध्ये पंखा लावून वाळवले. नवऱ्याने एकदाच विचारलं, "हे सगळे एकच चित्र आहे का?" मी म्हणाले, हो.

महिन्याभराने व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ते होते. एका मोबाइलच्या दुकानाच्या पाट्या रंगवत होते. मी सातही चित्रांचे फोटो पाठवले. त्यांनी उत्तर दिलं, तिसरं फेकून द्या, ते आधीपासूनच वाईट होतं. मी फेकलं नाही. मग त्यांनी पुन्हा विचारलं, फेकलं का, तेव्हा फेकलं.

हैतीची बातमी तेव्हा सगळीकडे होती, आणि कलाकेंद्राला वाटलं की काहीतरी करायला हवं. डिरेक्टरबाईंनी मला बोलावलं. त्यांच्या माहितीत सरांची चित्रं फक्त माझ्याकडे होती. त्या म्हणाल्या, "आपल्या लाडक्या शिक्षकाला मानवंदना म्हणून एक छोटं प्रदर्शन करू. तुमचा पूर्वीचा अनुभव मला आठवतो आहे. तरीही तुम्ही हे करताय, हा तुमचा मोठेपणा." मी तो शब्द घेतला. सहा चित्रं मी स्वतः टांगली. भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लावलं होतं की हा स्वयंशिक्षित कलाकार वेदनेतून स्वप्नं रंगवत असे.

उद्घाटनाला आमचा ग्रुप आला. समोसे मीच नेले होते. पुण्याच्या काकू एका चित्रापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "जरा उदास आहेत गं सगळी. पण तू ह्यांचीच ना स्टुडंट? कसे होते स्वभावाने?"

काकू त्यांना एकदा भेटल्या होत्या, ते त्या विसरून गेल्या होत्या.

"फार प्रेमळ होते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना हॉलचे फोटो पाठवले. उत्तर दुपारी आलं. त्यांनी लिहिलं होतं, डावीकडून चौथं उलटं टांगलंय.

मी फोटो मोठा करून बघितला, मग केंद्रात जाऊन चित्रासमोर उभी राहिले, आणि तरीही मला ते कळलं नाही. डिरेक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरेरे. पण मागचे हुक आता पक्के ठोकले आहेत, आणि खरं सांगा, कोणाला समजणार आहे?" मी म्हणाले, बरोबर आहे. सरांना कळवलं की दुरुस्त केलं. प्रदर्शन महिनाभर चाललं.